जुन्या बाइकचा पेट्रोलचा काटा नाचतोय: मीटर बदलू की टँक युनिट?

तळ्याकाठचा (डिचोली)

मंडळी, गाडी २००४ची, दीडशे सीसी, कार्बोरेटरवाली, काट्याचं मीटर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादापासून धागा 'आमचीच गाडी कशी भारी' याकडे वळेल. इंजिन ठणठणीत आहे, किकला एका दमात सुरू होते. त्रास आहे तो पेट्रोलच्या काट्याचा.

सकाळी गाडी काढली की काटा अर्ध्यावर. साखळी गावापर्यंत पोचेतो पावावर. मग मध्येच ई-वर आपटतो आणि पुढच्या खड्ड्याला परत वर येतो. परवा चोर्ला घाटातून बेळगावला जायचं होतं. केरीच्या पुढे पंपांची काय तऱ्हा आहे ते तुम्हाला माहीत आहेच, म्हणून काटा खाली बघून आधीच टाकी फुल करायला सांगितली, तर पाच लिटरसुद्धा गेलं नाही. टाकी पंधरा लिटरची! पाऊस पडून गेला की हे जास्त होतं.

जवळच्या गॅरेजवाल्याने न उघडताच "पूर्ण मीटर बदला" असं सांगितलं. जुन्या मॉडेलचं मीटर सहजी मिळत नाही आणि मिळालं तर किलोमीटर शून्यावरून सुरू. त्याआधी घरी काय तपासता येईल?

कुळागरी

मीटर बदलू नका एवढंच आत्ता सांगतो. काट्याच्या दहा तक्रारींत मीटर खरंच गेलेलं फार क्वचित सापडतं.

पायलटमामा (म्हापसा)

पुता, आम्ही पिवळ्या मडगार्डाची गाडी (गोव्याची मोटारसायकल टॅक्सी) चालवून संसार केला, काट्याकडे बघितलं कोणी? पेट्रोल घातलं की ट्रिपमीटर शून्य करायचा. कॉक (टाकीखालची पेट्रोलची चावी) 'ऑन'ला. गाडी अडखळली की कॉक रिझर्व्हला फिरवायचा आणि सरळ पंप गाठायचा. एकच गोष्ट सांभाळ: पेट्रोल भरल्यावर कॉक परत 'ऑन'ला आणायचा. निम्मे लोक तो रिझर्व्हलाच ठेवून फिरतात आणि मग रस्त्यात गाडी ढकलतात.

तळ्याकाठचा

मामा, तुमचं बरोबर, तेच करतोय सध्या. पण समोर काटा असून तो थापा मारतो हे बघवत नाही.

वायरवाला (फोंडा)

आधी दोन प्रश्न, त्यांच्या उत्तरावर सगळं आहे.

पहिला: काटा खोटं बोलतो तेव्हा नेहमी *कमीच* दाखवतो, की कधी *जास्त*ही दाखवतो?

दुसरा: इग्निशन ऑन करा, इंजिन बंद, इंडिकेटर लावा आणि काट्याकडे बघत उभे राहा. काटा इंडिकेटरच्या तालावर हलतो का? नंतर ब्रेक दाबून बघा, हॉर्न वाजवून बघा.

का विचारतोय ते सांगतो. टाकीत टँक युनिट असतं. त्यात पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असतो, त्याच्या दांडीच्या टोकाला एक पत्र्याची जीभ, आणि ती जीभ बारीक तारेच्या गुंडाळीवर घासत पुढेमागे सरकते. म्हणजे तो बदलता रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात). आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत टाकी फुल असली की रेझिस्टन्स दहा ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी, रिकामी असली की शंभराच्या आसपास. नक्की आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघायचा, काही गाड्यांत हे उलटंही असतं.

आता वाटेत कुठे गंज चढला, कपलरची (वायरी जोडणाऱ्या प्लगची) पिन हिरवी पडली, अर्थिंग (करंट परत बॅटरीकडे नेणारी जोडणी) ढिलं झालं, तर तो *जादा* रेझिस्टन्स फ्लोटच्या रेझिस्टन्समध्ये मिळवला जातो. मीटरला वाटतं टाकी अजून रिकामी आहे. म्हणून अशा गाड्यांत गंजलेलं कनेक्शन नेहमी कमी दाखवतं, जास्त कधीच दाखवत नाही. जास्त दाखवत असेल तर फ्लोट अडकलाय किंवा वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय. तो शोध वेगळा.

तळ्याकाठचा

आत्ताच अंगणात जाऊन बघून आलो. इंडिकेटर लावला की काटा टकटक टकटक, अगदी तालात! प्रत्येक ठोक्याला एक रेघ खाली आणि परत वर. ब्रेक दाबून धरला की तिथेच खाली बसून राहतो. हे इतकी वर्षं कसं दिसलं नाही देव जाणे.

आणि हो, दाखवतो ते नेहमी कमीच.

वायरवाला

मग अर्थिंग. जुन्या गाडीत हेडलाइट बहुधा मॅग्नेटोवरून थेट चालतो, पण इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न बॅटरीवर असतात. त्यांचा आणि काट्याचा परतीचा रस्ता एकच अर्थ पॉइंट असतो. तो गंजला की इंडिकेटरचा करंट जाताना तिथे व्होल्टेज साठतं आणि काटा त्याच्याबरोबर उड्या मारतो.

अंदाजावर जाऊ नका, मोजा. साधा मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. डीसी व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब टँक युनिटच्या अर्थ वायरीत, कपलरच्या मागून घुसवून. कपलर जोडलेला, इग्निशन ऑन. वाचन जवळपास शून्य हवं, ०.१च्या आत. मग इंडिकेटर लावून परत बघा.

रानमोगरा (काणकोण)

टाकी तर इंजिन फ्रेमलाच बोल्ट केलेली असते ना? मग वेगळी अर्थ वायर कशाला?

वायरवाला

टाकी पुढे रबरी बुशांवर बसते आणि मागे रबराच्या वायसरमधून एक बोल्ट. रबरातून करंट कसा जाणार? म्हणून दोन वायरींचं युनिट. फार जुन्या, एकच वायर असलेल्या युनिटच्या गाड्यांत टाकीच्या बॉडीचाच अर्थ असतो. तिथे टाकी रंगवून आणली की काटा मेला अशी तक्रार हमखास येते, कारण बोल्टाखाली रंग बसलेला असतो. तिथे टाकीपासून फ्रेमपर्यंत एक जादा वायर ओढली की काम होतं.

जुनंसोनं

हे सगळं इथेनॉलमुळे. पूर्वीच्या पेट्रोलला असं काही नव्हतं. वीस टक्के मिसळायला लागल्यापासून जुन्या गाड्यांचा सत्यानाश झालाय.

कुळागरी

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं हे खरं. पावसाळ्यात अर्ध्या टाकीने महिनाभर उभ्या ठेवलेल्या गाडीत ते पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते, हेही खरं. जुन्या रबरी गॅस्केटी फुगतात, कडक होतात. पण इंडिकेटर लावल्यावर काटा हलतो यात पेट्रोलचा काय संबंध? कपलर टाकीच्या बाहेर आहे. त्याला लागतो तो आपला पाऊस, आणि किनाऱ्याकडे राहणाऱ्यांना वर खारा वारा. गोव्यात एका हंगामात शंभर इंच पाऊस सहज होतो, वीस वर्षांचा हिशेब तुम्हीच करा.

जुनंसोनं

माझ्या म्हणण्याचा विपर्यास करू नये.

संपादक

इथेनॉलवर दोन धागे आधीच आहेत, तिकडे चर्चा करावी. इथे काट्यावर राहू या.

तळ्याकाठचा

मल्टिमीटर आणला. नुसतं इग्निशन ऑन केलं तर ०.२ व्होल्ट. इंडिकेटर लावला की दीडपर्यंत उड्या. ब्रेक दाबला तरी तेवढाच.

हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) अर्थ वायरीचा माग काढत गेलो. टाकी उचलली. कॉक बंद करून, कॉकची नळी काढून, मागचा एक बोल्ट काढायचा की टाकी मागे सरकवून निघते. खाली इग्निशन कॉइलच्या शेजारी फ्रेमला एक बोल्ट, त्यात तीन काळ्या वायरींचा एकच छल्ला (वायरीच्या टोकाची धातूची कडी). वरून नीट दिसत होता. पान्याने फिरवला तर बोल्ट आधीच ढिला, आणि छल्ला काढून उलटा केल्यावर खालची बाजू पूर्ण हिरवी, वर पांढरी पावडर. फ्रेमवर जिथे तो बसतो तिथे गोल गंजाचा डाग. नखाने खरवडलं तर पापुद्रे निघाले.

वायरवाला

सापडला चोर. छल्ला पॉलिश पेपरने तांबं चमकेपर्यंत घासा. फ्रेमवर तेवढ्याच जागेचा रंग खरवडून उघडं लोखंड करा. दात असलेला वायसर घालून घट्ट आवळा आणि आवळून *झाल्यावर* वरून व्हॅसलीनचा थर. आधी फासू नका. छल्ल्यात वायर जिथे चिमटलेली असते तिथे तांबं काळं पडलं असेल तर इन्सुलेशन मागे सोलून नवा छल्ला चिमटवा. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, प्रयत्नही करू नका.

तळ्याकाठचा

झालं. नवा छल्ला लावला. आता इंडिकेटर लावूनही ०.०३ व्होल्ट, काटा ढिम्म हलत नाही. धन्यवाद वायरवाला!

पण टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली आहे आणि काटा अजून पावावरच. म्हणजे नाच थांबला, थापा चालूच.

अर्धाशिक्षक (मडगाव)

हेच लिहिणार होतो. इंजिन बंद असताना, इंडिकेटर न लावता तुमचं वाचन ०.२ होतं. तेवढ्याने काटा थरथरेल, पण पाच लिटरची जागा उरलेली टाकी रिकामी दिसणार नाही. दुसरीकडे कुठेतरी मोठा रेझिस्टन्स बसलाय. आता ओहमवर या.

टँक युनिटचा कपलर सोडा. इग्निशन बंद. युनिटच्या बाजूच्या दोन पिनांत ओहम मोजा आणि लिहून ठेवा. मग कपलर जोडा, हेडलाइटच्या मागे मीटरचा कपलर असतो तो सोडा आणि तिथून त्या फ्लोटच्या वायरीपासून अर्थपर्यंत मोजा. दोन्ही आकडे सारखेच यायला हवेत. जो फरक येईल तो वाटेतल्या वायरिंगचा.

तळ्याकाठचा

युनिटपाशी ३६. मीटरपाशी ७१!

अर्धाशिक्षक

मग पस्तीस ओहम वाटेत हरवलेत. मल्टिमीटर लावून ठेवा आणि एकेक जागा हाताने हलवत जा. आधी कपलर, मग टाकीखालचं हार्नेस, मग हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण वळवा. स्टिअरिंगच्या मानेपाशी वायर रोज वाकते, वरचं प्लास्टिक शाबूत आणि आतली तांब्याची तार तुटलेली असं तिथे खूप सापडतं. जिथे हात लावल्यावर आकडा उडेल तिथेच दुखणं.

तळ्याकाठचा

हँडलला काही नाही. कपलरला हात लावला की आकडा ५०, ९०, ४० असा धावतो. आतली एक पिन पोपटी. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, जुन्या टूथब्रशने घासला, पिन किंचित दाबून घट्ट केली. आता दोन्हीकडे ३६-३७. काटा अर्ध्याच्या वर जाऊन बसला. इतक्या वर्षांनी तो तिथे बघून मलाच विचित्र वाटलं.

पायलटमामा

शाब्बास. आता पाव टाकीवर काय करतो ते बघ. शंभर-दोनशेचं पेट्रोल घालणाऱ्यांची खरी गंमत तिथे असते.

रानमोगरा

म्हणजे काय मामा?

पायलटमामा

आम्ही रोज सकाळी दोनशेचं घालायचो, रात्री संपलं. टाकी वीस वर्षांत फुल कधी झाली नाही. म्हणजे ती जीभ त्याच इंचभर जागेत घासत राहिली. वरची तार नवी, खालची झिजलेली. म्हापशात आमचा एक इलेक्ट्रिशियन होता, तो युनिट उघडून बघून सांगायचा हा माणूस टाकी फुल करतो की नाही.

तळ्याकाठचा

मामा, तुमची जीभ काळी आहे. पेट्रोल खाली येऊ दिलं. पावाच्या जरा वर काटा एकदम ई-वर पडतो आणि थोडं अंतर गेलं की परत पावाच्या खाली येऊन नीट चालू लागतो. नेहमी त्याच जागी.

वायरवाला

ती झिजलेली जागा. आता युनिट काढावंच लागेल. हे काम करताना गंमत नको:

टाकी पूर्ण रिकामी करा, झाकणाच्या डब्यात पेट्रोल उन्हापासून लांब. बॅटरीची निगेटिव्ह काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते, त्यामुळे बंद शेडमध्ये नाही, उघड्यावर. आणि संध्याकाळी अंगणात करणार असाल तर तुळशीपुढे दिवा लागायच्या आधी आटपा किंवा दुसऱ्या दिवशी करा. हे विनोदाने लिहीत नाही.

टाकी जुन्या गादीवर उलटी ठेवा. युनिटचे नट आलटून पालटून सैल करा. बाहेर काढताना सरळ ओढू नका, दांडी वाकते. फिरवत, तिरकं करत काढायचं. फ्लोट कानाशी नेऊन हलवा. आत पाण्यासारखा आवाज आला तर फ्लोट फुटून पेट्रोल शिरलंय, तो बदलायचा. मग मल्टिमीटरच्या दोन प्रोब लावून दांडी हळूहळू वर-खाली करा. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच मल्टिमीटर ओपन (जोडणीच तुटल्यासारखं) दाखवेल ती झिजलेली जागा.

तारेवर पॉलिश पेपर चालवू नका, ती केसासारखी बारीक असते. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश, बस. जीभ टोकाशी किंचित बाजूला वाकवली तर ती न झिजलेल्या पट्ट्यावरून चालते, हा जुना उपाय आहे. मात्र एकदाच, ती मोडली तर नवं युनिट.

तळ्याकाठचा

केलं. फ्लोट कोरडा, तो ठीक आहे. तारेवर एका जागी काळी रेघ आणि मधोमध चकाकणारा खळगा. दांडी खालून वर आणताना ९५ पासून सुरुवात, ८० पर्यंत नीट, मग ओपन, मग एकदम ६५, पुढे सुरळीत ८ पर्यंत. साफ केल्यावर आणि जीभ दीड-एक मिलिमीटर सरकवल्यावर मधला खड्डा गेला. गॅस्केट मात्र लाकडासारखी कडक झालीय. सिलिकॉन लावून भागेल का?

कुळागरी

अजिबात नाही. साधा सिलिकॉन सीलंट पेट्रोलमध्ये फुगतो, त्याचे तुकडे सुटून कॉकच्या जाळीत आणि तिथून कार्बोरेटरच्या जेटमध्ये. मूळ गॅस्केट किंवा ओ-रिंग आणा, पेट्रोलला चालणाऱ्या रबराची. म्हापशाच्या नाहीतर मडगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जुनी सोबत घेऊन जा. जाताना कॉकच्या नळीचाही एक तुकडा आणा, ती इतकी जुनी असेल तर बदलूनच टाका.

अर्धाशिक्षक

आणि टाकी रिकामी आहेच तर एक काम उरकून घ्या. परत भरताना एक-एक लिटर मापून घाला आणि प्रत्येक लिटरला गाडी मेन स्टँडवर सरळ उभी ठेवून काटा कुठे आहे ते लिहा. साइड स्टँडवर नको, टाकी कलते आणि फ्लोट एका अंगाला असतो, वाचन चुकतं. चढावरही तेच, म्हणून घाटात काट्याकडे बघून घाबरायचं नाही.

तळ्याकाठचा

गॅस्केट मिळाली, बसवली, रात्रभर खाली कागद ठेवून बघितलं, थेंब नाही. लिटरचा हिशेब असा: पहिल्या दोन लिटरला काटा हलतच नाही. तीनला ई सोडतो. सातला अर्धा. अकराला फुल. त्यानंतर चार लिटर घातले तरी तो फुलवरच. म्हणजे फुलनंतर बराच वेळ तो खाली येणार नाही आणि मग भराभर येईल.

वायरवाला

बरोबर. टाकी फ्रेमवर घोड्याच्या खोगिरासारखी बसते. वर रुंद, खाली दोन अरुंद पाय. वरच्या एका लिटरला पातळी थोडी उतरते, खालच्या एका लिटरला खूप. फ्लोट पातळी मोजतो, लिटर मोजत नाही. वर दांडी टाकीच्या छताला टेकते ते वेगळंच. हा दोष नाही, तो कागद टूलबॉक्सच्या झाकणात चिकटवा.

पेडणेकार

माझ्या गाडीचं उलट आहे. काटा कायम फुल. टाकी कोरडी असली तरी फुल. बायको म्हणते बरं आहे, खर्च वाचतो.

वायरवाला

टँक युनिटचा कपलर सोडा, इग्निशन ऑन करा. काटा दहा-पंधरा सेकंदांत खाली आला तर बिघाड युनिटमध्ये, बहुधा फ्लोट वर अडकलाय. तसाच फुलवर राहिला तर मीटरपासून कपलरपर्यंतची वायर कुठेतरी फ्रेमला टेकलीय. सीट आणि टाकीचे बोल्ट बघा.

पेडणेकार

तसाच राहिला. टाकीच्या मागच्या बोल्टाखाली वायर चेपलेली सापडली, प्लास्टिक फाटून तांबं उघडं. मागे टाकी उतरवून बसवताना कोणीतरी दाबली असणार. टेप मारून बाजूने घेतली. काटा आता ई-वर आहे, आणि खरंच ई आहे, पंपापर्यंत ढकलत नेतोय.

पायलटमामा

कॉक बघ आधी, रिझर्व्हला आहे का.

पेडणेकार

रिझर्व्हलाच होता मामा, कधीपासून कोण जाणे.